बायकांना मत आयतं मिळालं का, आणि पणजीचं नाव यादीत का नाही?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहिते. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या, कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय आलाय, आणि समोरची टीम म्हणणार आहे की इंग्लंड-अमेरिकेत बायका लढल्या, तुरुंगात गेल्या, आपल्याकडं घटनेनं १९५० ला आयतं हातात दिलं, लढाबिढा काही नव्हता. तिकडं घरात मात्र सांगतात की पणजीनं पहिल्या निवडणुकीत मत दिलंच नाही कारण यादीत तिचं नावच नव्हतं. यात खरं काय आणि पणजीची नोंद शोधायची तर कुठं, असं विचारलंय तुम्ही.

माझी बरीचशी नोकरी महसूलमध्ये, त्यातही निवडणूक शाखेत गेली, साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडं. इतिहासाची प्राध्यापिका मी नाही, पण वर्षानुवर्षं नावांच्या याद्या तपासत बसलं की हा कागद आला कुठनं असा प्रश्न पडतोच, मग त्यावर जे मिळेल ते वाचत गेले. त्यामुळं माझं उत्तर यादीच्या बाजूनं येणार हे आधीच सांगते. पुस्तकात मताधिकार म्हणजे कलम आणि साल. शाखेत बसणाऱ्याला मताधिकार म्हणजे यादीतली एक ओळ, अनुक्रमांक, घर नंबर, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, वय. कायद्यात हक्क असून ही ओळ नसली की बाई केंद्रावरनं परत जाते, मग घटनेत काय लिहिलंय त्याचा तिला त्या दिवशी काही उपयोग नसतो. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. बायकांचं मत कायद्यात यायला एक लढाई झाली, यादीत यायला दुसरी झाली, आणि दुसरी अजून चालूच आहे.

आधी पहिलीचं बघू. आयतं मिळालं असं वाटायचं कारण हे की संविधान सभेत यावर फारशी खडाजंगी झालीच नाही. कलम ३२५ नं सांगितलं की धर्म, वंश, जात, लिंग यावरनं कुणाला यादीतनं वगळायचं नाही, ३२६ नं सांगितलं की २१ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत (१८ नंतर झालं, १९८९ पासनं). पण तिथं वाद झाला नाही कारण वाद आधीची तीस वर्षं घालून झाला होता! लग्नाच्या दिवशी कुणी भांडलं नाही म्हणून बैठकीतही कुणी भांडलं नव्हतं असं कुणी म्हणेल का?

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला होते, तेव्हा सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मागणी अशी की सुधारणांमध्ये पुरुषांना ज्या अटींवर मत देणार त्याच अटींवर आम्हालाही द्या. त्याच वर्षी मद्रासजवळ अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन निघाली होती, मार्गारेट कझिन्स, ॲनी बेझंट, डोरोथी जिनराजदास ही मंडळी त्यात. १९१८ ला मुंबईच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसनं पाठिंब्याचा ठराव केला. मग आली साउथबरो समिती, मताधिकार कुणाला द्यायचा ते ठरवायला, आणि तिनं बायकांना सरळ नाही म्हटलं, कारण काय तर पडदा आहे, रूढी आहेत, अजून वेळ आली नाही. त्यावर मुंबईतनं हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ ला लंडनला गेल्या, संसदेच्या समितीपुढं बाजू मांडली, सभा घेतल्या, पत्रकं वाटली. मिठन टाटा म्हणजेच पुढं मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई. एवढं करून संसदेनं काय केलं, तर हा तुमचा घरगुती प्रश्न आहे, तुमच्या प्रांतांच्या कौन्सिलांनी, म्हणजे कायदेमंडळांनी, ठरवावं म्हणून हात झटकले.

म्हणजे पुरुषांनी निवडून दिलेल्या पुरुषांच्या कौन्सिलात जाऊन, आम्हालाही घ्या म्हणून प्रांताप्रांतात वेगवेगळं पटवायचं. मद्रास आणि मुंबई इलाख्यात १९२१ ला ठराव झाले, संयुक्त प्रांतात (म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात) १९२३ ला, बंगालमध्ये तर १९२१ ला ठराव आपटला आणि १९२५ ला परत आणून पास करावा लागला. हे आयतं कसं म्हणायचं?

आता तुमच्या हातात देण्यासारखा एक स्थानिक मुद्दा, हा नक्की वापरा. मुंबई इलाख्यात १९२१-२२ च्या सुमाराला या चळवळीत पुढं होत्या रमाबाई रानडे. त्यांना आपण न्यायमूर्तींच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनच्या म्हणून ओळखतो, पण त्यांचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्र्याचा. हो, यशवंतराव चव्हाणांचं आजोळ असलेलं आपलं देवराष्ट्रे, आता कडेगाव तालुक्यात, तेव्हा सातारा जिल्ह्यात. लग्नाआधी अक्षरओळखसुद्धा नव्हती त्यांना, नवऱ्यानं शिकवायला घेतलं म्हणून घरातल्याच बायकांनी छळलं. आणि त्या बाईंनी म्हातारपणी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मतासाठी आंदोलन उभं केलं. मी देवराष्ट्र्याच्या बाजूला निवडणूक ड्युटीवर असताना तिथल्या पोरांना विचारलं की रमाबाई कुठल्या, तर कुणाला सांगता आलं नाही, यशवंतरावांचं मात्र सगळ्यांना माहीत. असो.

१९२१ चा हक्क पण पूर्ण नव्हता आणि समोरच्या टीमनं अभ्यास केला असेल तर ती इथंच पकडेल. पुरुषांच्या बरोबरीनं म्हणजे पुरुषांच्याच अटी, आणि अटी होत्या मिळकतीच्या, ठरावीक शेतसारा, घरभाडं, इन्कम टॅक्स असलं काहीतरी. आता १९२१ ला आपल्या भागात जमीन बाईच्या नावावर असायची कुठं? नवरा वारला, पोरं लहान, म्हणून नाव लागलं, किंवा एखादं इनामदाराचं घर. त्यामुळं सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात प्रौढ बायकांमधल्या शंभरात एकीलासुद्धा मत नव्हतं. कागदावर बरोबरी, यादीत विधवा आणि इनामदारीणबाई. माझा सगळा मुद्दा हाच आहे ना.

बरं, तुमच्या गावाला यातलं काही लागू होतं का हे सुद्धा परिस्थितीवर आहे. हे कौन्सिलचं मत ब्रिटिश मुलखापुरतं होतं. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, म्हणजे तिथल्या सारा भरणाऱ्या बाईचं नाव यादीत येऊ शकत होतं. पण सांगली, मिरज, बुधगाव, जत, फलटण ही संस्थानं, आटपाडी तर औंधात, तिथं राजाचा कारभार, तिथं कुणाला काय अधिकार ते त्या त्या संस्थानावर. औंधात १९३९ ला भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं सत्ता लोकांच्या पंचायतींकडं दिली, तो प्रयोग वेगळाच होता, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. सांगायचं एवढंच की शेजारशेजारच्या दोन गावांतल्या, एकाच ओढ्यावर धुणं धुणाऱ्या दोन बायकांचा राजकीय हक्क तेव्हा वेगळा असू शकत होता. हे ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाल्यावर मिटलं. त्यामुळं पणजीचं माहेर एकीकडं आणि सासर दुसरीकडं असेल तर आधी ते बघा.

१९३० च्या दशकात खरी घासाघीस झाली आणि माझ्या मते तुमच्या भाषणाचा गाभा तिथं आहे, १९१७ मध्ये नाही. जानेवारी १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, शिक्षणासाठी म्हणून, आणि पुढं मतासाठीही तीच आघाडीवर आली. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात प्रौढ मताधिकार लिहिला गेला. आपल्या साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या बाबासाहेबांनी सायमन कमिशनच्या वेळी हीच मागणी केली, स्त्री असो पुरुष असो, २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत. इंग्रज सरकार म्हणत होतं की इतक्या माणसांची यादी करणं शक्यच नाही, मग १९३२ ला मत कुणाला द्यायचं ते ठरवायला लोथियन समिती आली आणि बायकांसाठी आडवाटा काढायला लागली. एक वाट शिक्षणाची. दुसरी वाट नवऱ्याची, म्हणजे नवऱ्याकडं मिळकत असेल तर बायकोला मत.

यावर महिला संघटनांनी काय म्हणावं? नको! परिषद आणि असोसिएशन दोन्हींनी सांगितलं की आम्हाला नवऱ्याच्या मिळकतीवरचं मत नको, राखीव जागा नकोत, सगळ्यांना मत द्या त्यात आम्ही आलोच. सगळ्याच बायकांचं असं मत नव्हतं हेही सांगते, गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाज यांना वाटत होतं की मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्यावं. दोन्ही बाजूंना दम होता. पण नवऱ्यामुळं मत म्हणजे नवऱ्याची मिळकत गेली की हिचं मतही धोक्यात, शिवाय अशा बाईनं यादीत यायला स्वतः अर्ज करावा का यावर वेगळा वाद. विचार करा, त्या काळात खेड्यातली कुठली बाई मामलेदार कचेरीत जाऊन अर्ज देणार होती? अट घालणाऱ्याला ते चांगलं ठाऊक होतं. यादी छोटी ठेवायची असली की अर्जाची अट घालायची, ही युक्ती आजही चालते म्हणून सांगते.

शेवटी १९३५ च्या कायद्यात दोन्ही वाटा आल्या, शिक्षणाची आणि नवऱ्याची, आणि साधारण ६० लाख बायका मतदार झाल्या, पुरुष २ कोटी ९० लाखांच्या आसपास. सातारकरांनी यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी, सैनिकाच्या विधवेला किंवा आईला पेन्शन असेल तर तिलाही मत होतं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं डोळ्यासमोर आणा, घरटी माणूस पलटणीत. पहिल्या महायुद्धात पोरगा गेला, पेन्शन लागली, आणि त्या पेन्शनच्या कागदावर आईला मत मिळालं. जमीन नाही, शाळा नाही, अंगठा उठवणारी बाई, तिला मत मिळण्याची एकच वाट म्हणजे घरातला माणूस गमावणं. मला हे वाचून कसंतरीच झालं होतं.

इंग्लंडची तुलना करणार असाल तर जपून करा. तिथल्या बायकांचा त्रास मोठाच होता, पॅंकहर्स्टबाईंची संघटना १९०३ ची, मग मोर्चे, काचा फोडणं, तुरुंगात उपोषण, नाकातनं नळ्या घालून जबरदस्तीनं अन्न. त्यांच्यात महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया होती, रणजितसिंगांची नात, मत नाही तर टॅक्स पण नाही म्हणून तिनं दंड सोसले, हे सांगितलं तर परीक्षक कान टवकारतील. पण १९१८ ला तिथं मत मिळालं ते फक्त तिशीच्या पुढच्या आणि मिळकतीची अट बसणाऱ्या बायकांना, पुरुषांच्या बरोबरीनं २१ व्या वर्षी मिळायला १९२८ उजाडलं. अमेरिकेत १९२० ला दुरुस्ती झाली पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना यादीत नाव घालायला १९६५ च्या कायद्यापर्यंत झगडावं लागलं, तिथंही बघा, कायदा आधी आणि यादी पंचेचाळीस वर्षांनी. आणि स्वित्झर्लंड! तिथं प्रश्न पुरुषांच्या सार्वमताला टाकला, १९५९ ला तीनातल्या दोघांनी नाही म्हटलं, १९७१ ला कुठं हो झालं. आपल्याकडं हा प्रश्न गावोगावच्या पुरुषांच्या मताला टाकला असता तर काय झालं असतं हे मी सांगायला नको. आपल्याकडं आंदोलनाची तऱ्हा वेगळी होती कारण राज्यच परक्याचं, काचा फोडायच्या तर कुणाच्या, आणि बायका मिठाच्या सत्याग्रहात आणि बेचाळीसला तुरुंगात गेल्याच की, आपल्या पत्री सरकारात क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई होत्या, कासेगावच्या इंदुताई पाटणकर होत्या. त्या मतासाठी म्हणून गेल्या नव्हत्या, पण ज्यांनी त्यांना राबताना बघितलं त्यांना १९४९ ला 'बायकांना कशाला मत' असं तोंड वर करून म्हणता येईना, असं मला वाटतं.

एवढ्यावर पहिलीचं आवरते. थोडक्यात, कायद्यातला हक्क १९१७ ते १९४९ असा टप्प्याटप्प्यानं, भांडून आला. आता यादी.

पहिली यादी करायचं काम घटना मंजूर व्हायच्या आधीच, १९४८ ला सुरू झालं. आधीच्या याद्या मिळकतवाल्यांच्या, आता प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक प्रौढाचं नाव लिहायचं, तलाठी आणि शाळामास्तरांच्या जिवावर. सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. एकूण मतदार भरले १७ कोटींच्या वर. त्यात उत्तरेकडं अडचण अशी आली की लाखो बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही, यादीत आलं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. सेनसाहेबांनी ठरवलं की नाव नाही तर नोंद नाही, मुदत वाढवून दिली, तरी राहिल्या त्या शेवटी काढल्या, साधारण २८ लाख बायका. साधारण आठ कोटी बायका मतदार होत्या, त्यातल्या या २८ लाख. कठोर वाटतं ना? मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो. 'अमक्याची बायको' म्हणून चालवून घेतलं असतं तर पुढच्या वीस वर्षांत कुठल्या यादीत बायकांची नावं आली असती सांगा.

पण तुमच्या पणजीचं नाव यातच गेलं असं भाषणात ठोकून देऊ नका. ती गळती मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या तेव्हाच्या राज्यांतली. आपल्याकडची बाई स्वतःचं नाव सांगायची. अडायचं नवऱ्याच्या नावाशी! यादीत रकाना नवऱ्याच्या नावाचा आणि ही नवऱ्याचं नाव घेणार नाही, उखाण्यात घेईल पण मास्तरापुढं नाही, मग शेजारणीला विचार, पोराला विचार, नाहीतर अंदाजानं लिही. दुसरं, लग्नात नाव बदलायचं. माहेरची हौसा सासरी लक्ष्मी, आणि गावात सगळे म्हणणार आक्का. तिसरं, १८० दिवस त्या ठिकाणी राहण्याची अट होती आणि बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली असली तर मास्तर सासरी विचारतो तेव्हा ती माहेरी आणि माहेरी विचारतो तेव्हा 'तिचं नाव सासरी लिहा'. यातलं तुमच्या घरात काय झालं असेल ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच विचारायला पाहिजे. असंही असू शकतं की नाव होतं, पण कुणी तिला ओळखून वाचून दाखवलं नाही.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, अशीच गोष्ट मी या शतकात बघितलीय. आपल्याकडं दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायकांचं मतदान घेता येतं, राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणं. चौथा हिस्सा महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. मतदानाच्या आधी बायका मारुतीच्या देवळात यादीची झेरॉक्स आणि तांबडा पेन घेऊन बसल्या होत्या, अंगणवाडीची बाई मोठ्यानं वाचतीय, शालन बबन, असं म्हटल्यावर एकजण हसायला लागली, "ती मी न्हवं, ती माझी नणंद, तिला उंब्रजला दिलीया." पुढचं नाव मयत. पुढचं कुटुंब मुंबईला, नवरा माथाडी. मग सरस्वती अमुकतमुक, वय सत्तर. कोण सरस्वती? कुणी बोलेना. शेवटी भिंतीकडंच्या एका म्हातारीला सून म्हणाली, "आत्या, तुमीच की सरस्वती." त्यांना सगळं गाव भागामावशी म्हणतं. लग्नात ठेवलेलं नाव, नवरा जाऊन किती वर्षं झाली, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आगं मग आधी सांगायचं न्हाई का!"

हे इतकं बारकाईनं का वाचायचं, तर नियम असा की झालेल्या मतांच्या निम्मी नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. समजा यादीत ८०० बायका, तर ४०१ पाहिजेत. त्यातल्या ५० मयत, १०० लग्न होऊन गेलेल्या, ५० मुंबईला, म्हणजे गावात खऱ्या ६००, आणि त्या ६०० मधल्या दोनतृतीयांश बायकांनी घरचा धाक, शेताची मजुरी, दुकानदाराची माणसं हे सगळं पार करून यायचं. मेलेली बाई इथं उभ्या बाटलीला मत देते, शब्दशः. बऱ्याच गावात आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडूनही दुकान बंद होत नाही ते यामुळं, आणि बायकांना वाटतं आपल्यात एकी नाही. एकी असते हो, यादी जुनी असते.

याच्या उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. नांदत नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली बाई. सासरचे बीएलओला, म्हणजे गावची मतदारयादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, सांगतात ती इथं नाही, नाव कमी करा, फॉर्म ७ भरला जातो. माहेरी भाऊ म्हणतो कशाला नाव घालायचं, चार दिवसांनी जाईल परत, आणि रेशनकार्डावर भावाचं कुटुंब, हिचा राहण्याचा पुरावा कुठला? दोन्हीकडनं गेली. आपल्या विटा भागात ऐंशीच्या दशकात परित्यक्ता बायकांची चळवळ झाली, त्यांची एक मागणी स्वतःच्या नावावर रेशनकार्ड ही होती, तेव्हा शहरातल्या लोकांना वाटलं धान्यासाठी चाललंय. शाखेत बसल्यावर कळतं की तो कागद म्हणजे बाई कुठंतरी राहते याचा पहिला सरकारी पुरावा होता. त्यामुळं कुणी बाई सासरहून आली की मी आजही पहिल्यांदा सांगते, बाकी कोर्टकचेरी होईल तशी होईल, आधी फॉर्म ८ भरून नाव हिकडं आणून घे.

सरपंचपदाचं आरक्षण, ५० टक्के वगैरे, ते इथं घेत नाही, तो उमेदवारीचा विषय आहे आणि तुमच्या स्पर्धेच्या वेळेत बसणार पण नाही.

आता शोधायचं कसं. १९५२ ची छापील यादी प्रत्येक ठिकाणी टिकलेली नाही, तरी आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, मग पुण्याच्या पुरालेखागारात, आणि माहेर संस्थानी असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातही विचारा. यादी मिळाली तर पणजीच्या नावानं शोधत बसू नका, गाव, मग घर किंवा पणजोबांचं नाव, आणि त्यांच्या आगेमागे बघा, नाव वेगळंच असेल. वयावर विश्वास ठेवू नका, अंदाजे लिहिलेलं असतंय. यादी नाहीच मिळाली तर तलाठ्याकडं जुने फेरफार काढा, पणजोबा किंवा त्यांचे वडील वारल्यावर वारसनोंदीत बायकांची नावं लागतात, तिथं तिचं कागदोपत्री नाव कळेल. कोतवाल बुकात तिच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी सापडतील, पोरांच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. आणि १९३५ च्या कायद्यानं तिला किंवा तिच्या सासूला मत होतं का हे तपासायचं असेल तर घराण्यात तेव्हा सारा किती होता आणि कुणी पलटणीत होतं का, एवढं आजीला विचारा, पेन्शनचा जुना कागद ट्रंकेत असतो कधीकधी.

एक व्यवहारातली गोष्ट, याच्यावाचून लोक रिकाम्या हातानं परत येतात. १९५२ ला सांगली जिल्हा या नावानं नव्हताच. १९४९ ला साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा, आणि दक्षिण साताऱ्याचं सांगली हे नाव १९६० ला झालं. तुमचं तासगाव दक्षिण साताऱ्यात. अर्जात 'सांगली जिल्ह्याची १९५२ ची यादी' असं लिहिलं तर कारकून प्रामाणिकपणे सांगेल की अशी फाइल नाही, म्हणून 'दक्षिण सातारा जिल्हा, तालुका तासगाव, गाव अमुक' असं लिहा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा, सोमवारी तिथं कुणाला वेळ नसतो.